अंधाऱ्या खोलीत मोजलेली लाळ : एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका दंत महाविद्यालयाच्या मुखरोग निदान विभागातील आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वैयक्तिक तपशील बदलले आहेत आणि संस्थेचे नाव दिलेले नाही. त्या विभागात मी शिकवत होते आणि या प्रकरणातील बहुतेक निर्णयांवर माझी सही आहे. त्यामुळे चुका जिथे झाल्या तिथे त्या माझ्याही आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण ५४ वर्षांच्या, तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या. विभागातील सगळेच त्यांना ‘बाई’ म्हणत. सात महिन्यांपासून तोंडाला सतत कोरड पडते, जीभ चुरचुरते आणि ज्वारीची भाकरी घासाघासाला पाणी घेतल्याशिवाय उतरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. वर्गात बोलताना जीभ टाळूला चिकटते म्हणून त्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवत आणि पाणी पिणे शक्य नसेल तेव्हा लिमलेटची गोळी चघळत. वर्षभरात हिरड्यांलगत, दातांच्या मानेजवळ, तीन नवे किडके डाग झाले होते. लाळ कमी झालेल्या तोंडात कीड अनेकदा याच जागी सुरू होते. गोड गोळ्यांनी त्यात भर घातली होती हे उघड होते.

गावातील डॉक्टरांनी केलेल्या रक्ततपासणीत साखर योग्य होती, पण एएनए ही, स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी चाचणी १:८० इतकी क्षीण होकारार्थी आली होती. हा आकडा निरोगी माणसांतही आढळतो. मात्र मध्यमवयीन स्त्री, कोरडे तोंड आणि होकारार्थी एएनए अशी सांगड दिसली की जोग्रेन्स सिंड्रोमचे नाव मनात येणे स्वाभाविक असते. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लाळग्रंथींवर आणि अश्रुग्रंथींवर हल्ला करते. बाईंनी ते नाव इंटरनेटवर वाचले होते आणि त्या घाबरल्या होत्या.

केसपेपरवर चालू औषधांच्या रकान्यात ‘डोकेदुखीची गोळी, रात्री एक, नाव माहीत नाही’ असे लिहिलेले होते. हा रकाना पुढे महत्त्वाचा ठरतो.

पहिले मोजमाप

जुलै महिन्यातील पावसाळी सकाळ होती. इंटर्न डॉक्टरने बाईंची स्थिर लाळ मोजली. काहीही न चघळता, जीभ किंवा ओठ न हलवता जी लाळ आपोआप तोंडात जमते, तिला आम्ही स्थिर लाळ म्हणतो. पद्धत साधी आहे. रुग्णाने मान किंचित पुढे झुकवून बसायचे, जमलेली लाळ गिळायची नाही, ती आधी वजन केलेल्या कपात सोडत राहायची आणि १० मिनिटांनी कप पुन्हा काट्यावर ठेवायचा. एक ग्रॅम म्हणजे सुमारे एक मिलिलिटर असे धरले जाते. निरोगी प्रौढ माणसात हा दर सरासरीने मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर असतो, आणि तो ०.१ किंवा त्याहून खाली गेला की लाळ लक्षणीय कमी आहे असे मानतात.

बाईंच्या कपात १० मिनिटांत ०.७ ग्रॅम लाळ जमली. म्हणजे दर ०.०७.

या आकड्याने पुढची दिशा ठरवून टाकली. डोळ्यांतील पाण्याची पट्टीवरची चाचणी पाच मिनिटांत ८ मिलिमीटर आली. ती पाच किंवा त्याहून कमी आल्यास दोष मानतात, म्हणून तिने काही सिद्ध झाले नाही. जोग्रेन्ससाठी विशेष मानले जाणारे अँटी-एसएसए प्रतिपिंड रक्तात नव्हते. अशा परिस्थितीत निदान खालच्या ओठाच्या बायोप्सीवर येऊन ठेपते. तीत ओठाच्या आतल्या बाजूला छोटा छेद घेऊन चार-सहा बारीक लाळग्रंथी काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पुढच्या आठवड्यातली तारीख दिली गेली आणि संमतिपत्राचा कागद फाइलला लागला.

अडचण नेमकी कुठे होती

बायोप्सी ही लहान शस्त्रक्रिया असली तरी निरुपद्रवी नाही. ओठाचा काही भाग बधिर राहू शकतो, कधी कित्येक महिने, आणि दिवसभर मुलांपुढे बोलणाऱ्या शिक्षिकेसाठी ती क्षुल्लक गोष्ट नव्हे. तरीही मला अधिक गंभीर वाटते ती दुसरी गोष्ट. जोग्रेन्सच्या वर्गीकरणासाठी २०१६ साली अमेरिकन आणि युरोपीय संधिवात संघटनांनी मिळून ठरवलेले निकष वापरले जातात. त्यांत अँटी-एसएसएला तीन गुण, ओठाच्या बायोप्सीतील ठराविक प्रमाणातील दाहाला तीन गुण, आणि स्थिर लाळेचा दर ०.१ किंवा त्याहून कमी असल्यास एक गुण मिळतो. डोळ्यांच्या दोन चाचण्यांनाही एकेक गुण आहे. एकूण चार गुण झाले की रुग्ण त्या गटात बसतो. हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्णांचे गट करण्याकरिता आहेत, तरी ओपीडीत त्यांचाच आधार घेतला जातो.

बाईंना अँटी-एसएसएचे तीन गुण नव्हते. बायोप्सीत दाह दिसला असता तर तीन गुण मिळाले असते आणि लाळेच्या ०.०७ या आकड्याचा एक गुण मिळून बेरीज बरोबर चार झाली असती. थोडक्यात, कपातल्या त्या ०.७ ग्रॅमने बायोप्सीचे कारण तर पुरवलेच होते, शिवाय बायोप्सीचा निकाल आल्यावर आयुष्यभराच्या आजाराचा शिक्का मारण्यातही तोच आकडा निर्णायक ठरला असता. एवढा भार ज्या आकड्यावर टाकायचा तो कसा मिळवला हे आम्ही कोणीच विचारले नव्हते.

दिवा बंद होता हे कसे समजले

बायोप्सीच्या दोन दिवस आधी मी इंटर्नला घेऊन केसपेपर वाचत होते. मोजमाप घेताना रुग्ण कसा बसला होता, वेळ काय होती, त्याआधी काही खाल्ले होते का, हे नेहमीचे प्रश्न मी विचारले. तिने बरोबर उत्तरे दिली आणि मग स्वतःहून म्हणाली, “मॅडम, बाईंचं डोकं फार दुखत होतं त्या दिवशी. उजेड सहन होत नव्हता. म्हणून मी ट्यूब बंद केली, पडदा ओढला आणि म्हटलं, डोळे मिटून शांत बसा.”

शांतताही नव्हती. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे कंप्रेसर आहे आणि शेजारच्या कक्षात कोणाच्या तरी दाताचे काम चालू होते. दात कोरणाऱ्या एअरोटर यंत्राचा तो बारीक, कर्कश आवाज १० मिनिटांतला बराच वेळ चालू होता, असे तिला आठवत होते.

त्या मुलीने जे केले ते माणुसकीचे होते आणि मी तिला एका शब्दानेही दोष दिला नाही. रुग्णाच्या डोळ्यांना उजेड टोचत असताना दिवा बंद करायला कोणालाही शिकवावे लागू नये. मात्र लाळेच्या मोजमापात खोलीतला उजेड ही मोजमापाचीच एक अट असते हे तिला शिकवण्याची जबाबदारी आमची होती, आणि आमच्या छापील सूचनांत त्याविषयी एक ओळही नव्हती.

तिच्या बोलण्यातून दुसरा धागाही निघाला. उजेड सहन न होणारी डोकेदुखी म्हणजे अर्धशिशी असण्याची शक्यता मोठी. मग ती रात्रीची गोळी कोणती? बाईंना फोन करून पाकिटावरचे नाव वाचायला सांगितले. ती अमिट्रिप्टिलिन होती, २५ मिलिग्रॅमची, अर्धशिशीचे झटके टाळण्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांनी आठ महिन्यांपूर्वी सुरू केलेली. या गोळीने तोंड कोरडे पडते, आणि बाईंच्या तोंडाची कोरड सात महिन्यांची होती.

प्रकाश, आवाज आणि लाळ

पुढचे निर्णय समजण्यासाठी शरीरात काय घडते हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. लाळग्रंथींवर हुकूम चालतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या लाळकेंद्रांचा. तिथून निघालेले परानुकंपी (पॅरासिम्पथेटिक) चेतातंतू ग्रंथीपाशी अॅसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारे रसायन सोडतात आणि पाणीदार लाळ पाझरू लागते. स्थिर लाळ म्हणजे ‘कशाच्याही उत्तेजनेविना’ येणारी लाळ, असे पुस्तकात वाचायला मिळत असले तरी ते अर्धेच खरे आहे. जागेपणी दातांचा आणि ओठांचा हलका स्पर्श, नाकात शिरणारे वास, डोळ्यांवर पडणारा प्रकाश अशी किती तरी बारीक चेतना त्या केंद्रांना सतत जागे ठेवत असते. झोपेत ही चेतना ओसरते आणि लाळ जवळजवळ थांबते. पहाटे तोंड चिकट लागते त्याचे कारण हेच. दिवसभरातही हा दर सारखा नसतो. दुपार उतरताना तो सर्वाधिक असतो.

प्रकाशाचा परिणाम अनेक दशकांपासून मोजला गेला आहे. डोळस माणसाला अंधारात बसवले किंवा त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली तर स्थिर लाळेचा दर सुमारे ३० ते ४० टक्क्यांनी घटतो. अंध व्यक्तींमध्ये मात्र हा दर डोळस माणसांपेक्षा कमी नसतो, आणि मला हा तपशील फार बोलका वाटतो. अंधार स्वतः ग्रंथीला काही करत नाही. मिळण्याची सवय असलेली चेतना अचानक बंद झाली की फरक पडतो, आणि जिथे ती चेतना नाही तिथे शरीर आपली घडी वेगळी बसवते, असा त्याचा अर्थ मी घेते. लाळ गोळा करण्याच्या प्रमाणित पद्धतीत रुग्णाने डोळे उघडे ठेवावेत असे सांगितलेले असते त्यामागे हेच कारण आहे.

उलट नियमाची एक जागाही नोंदवावीशी वाटते. शरीराचे घड्याळ जाणण्यासाठी लाळेतील मेलाटोनिन हे रात्री वाढणारे संप्रेरक मोजतात तेव्हा दिवे मुद्दाम मंद ठेवावे लागतात, कारण तेजस्वी प्रकाशात मेलाटोनिनची निर्मिती दबते. तेव्हा लाळेतले काय मोजायचे आहे यावर दिव्याचा नियम ठरतो.

आवाजाची गोष्ट गुंतागुंतीची आहे. आवाज आणि लाळ म्हटले की सर्वांना रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांची कुत्री आठवतात. पचनक्रियेवरील कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढे मेट्रोनोमची टिकटिक किंवा दिव्याचा प्रकाश अन्नाशी जोडला गेला की नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवले. त्यामुळे आवाज म्हणजे लाळ वाढवणारी गोष्ट, अशी समजूत वैद्यकीय विद्यार्थ्यांतही असते. माणसात हा परिणाम कुत्र्याच्या मानाने पुष्कळ क्षीण असतो. चिंचेचे नुसते नाव काढले तरी तोंडाला पाणी सुटले असे आपल्याला वाटते, त्यात तोंडात आधीच असलेल्या लाळेकडे लक्ष गेल्याचाही भाग असतो.

दातांच्या दवाखान्यात ऐकू येणारा आवाज बहुतेकांसाठी जेवणाच्या नव्हे तर भीतीच्या बाजूचा असतो. भीतीने तोंड कोरडे पडते ते मुख्यतः मेंदूच्या वरच्या भागांकडून लाळकेंद्रांवर येणाऱ्या दाबामुळे. धर्मशास्त्रात आरोपीसाठी सांगितलेल्या ‘दिव्य’ नावाच्या कसोट्यांमध्ये चोरीच्या संशयावरून तांदूळ चावायला लावण्याचे तंडुलदिव्य आहे. भ्यालेल्या माणसाच्या कोरड्या तोंडात कच्चा तांदूळ कसा टोचत असेल याची कल्पना केली की त्या प्रथेमागचे निरीक्षण समजते, आणि निर्दोष माणूसही भितोच, हा त्यातला अन्यायही दिसतो. आमच्या खोलीत बसलेल्या बाईही कशाच्या तरी निकालाचीच वाट पाहत होत्या.

समोरचे पर्याय

बायोप्सीला दोन दिवस उरले होते आणि विभागात मतभेद होते. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की तारीख ठरली आहे, रुग्ण मानसिक तयारी करून येणार आहे, एएनए होकारार्थी आहे; ऊतीचा पुरावा हाच शेवटचा पुरावा, तो घेऊन मोकळे व्हावे. या म्हणण्यात तथ्य होते, कारण जोग्रेन्स सुटून जाणे ही हलकी चूक नाही. त्या रुग्णांना पुढे लसिका पेशींच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो.

दुसरा पर्याय पायलोकार्पिनचा होता. हे औषध लाळग्रंथींना थेट उत्तेजित करते आणि कोरड लवकर कमी होते. मी त्याला विरोध केला. एकीकडे अमिट्रिप्टिलिन ही अॅसिटिलकोलीनचे काम अडवणारी गोळी चालू ठेवायची आणि दुसरीकडे तेच काम करणारी गोळी द्यायची, यात रुग्णाच्या वाट्याला दोन्ही औषधांचे दुष्परिणाम आले असते. घाम आणि डोकेदुखी हे पायलोकार्पिनचे नेहमीचे त्रास आहेत आणि बाईंना डोकेदुखीचीच मूळ व्याधी होती.

अमिट्रिप्टिलिन थांबवून मग मोजावे, हा तिसरा मार्ग तर्काने सर्वात सरळ होता. परंतु ती गोळी आमची नव्हती. दंतवैद्याने मेंदूविकारतज्ज्ञांची गोळी परस्पर बंद करू नये, आणि अशी गोळी एकदम तोडल्यास त्रास होऊ शकतो.

राहिला चौथा पर्याय : बायोप्सी पुढे ढकलायची आणि लाळ योग्य पद्धतीने पुन्हा मोजायची. त्यालाही एक पोटप्रश्न होता, ज्यावर मी सर्वाधिक वेळ घालवला. नुसते उजेडात एकदा मोजून भागले असते का? समजा दुसरा आकडा ०.१५ आला असता, तर कोणीही म्हणू शकले असते की लाळ रोज बदलते, दिवस वेगळा होता, पाऊस नव्हता, रुग्ण सरावला होता. पहिला आकडा अंधारामुळेच घटला होता हे ठरवायचे तर त्याच व्यक्तीला पुन्हा अंधारात बसवून मोजणे भाग होते. पण हे तिच्या उपचारासाठी की आमच्या कुतूहलासाठी? शेवटी मी असा निर्णय घेतला की एका शस्त्रक्रियेचा आणि एका निदानाचा निर्णय त्या आकड्यावर टेकलेला असल्याने त्याची शहानिशा रुग्णाच्या हिताचीच आहे. मात्र ही गोष्ट तिला जशीच्या तशी सांगून, तिची संमती घेऊनच करायची.

बाईंना समोर बसवून सगळे सांगितले. आमची पद्धत चुकली हेही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “शाळेत मुलांना मी दोनदा मोजायला लावते, डॉक्टर. तुम्ही चारदा मोजा. पण ओठ कापायच्या आधी मोजा.”

केलेली कृती

दोन आठवड्यांत चार बैठका घेतल्या. प्रत्येक वेळी सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान, आधी दीड तास काही न खातापिता, त्याच खुर्चीत, डोकेदुखी नसलेल्या दिवशी. बसल्यावर पाच मिनिटे विश्रांती, तोंडात असलेली लाळ एकदा गिळून टाकायची आणि मग १० मिनिटांचे मोजमाप. शेजारचा कक्ष त्या वेळेपुरता रिकामा ठेवला आणि कंप्रेसर बंद केला. पहिल्या आणि चौथ्या बैठकीत दोन्ही ट्यूब चालू, पडदा उघडा, डोळे उघडे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीत दिवे बंद, पडदा ओढलेला, डोळे मिटलेले. उजेड, अंधार, अंधार, उजेड हा क्रम मुद्दाम ठेवला, म्हणजे सरावामुळे होणारी वाढ किंवा घट एकाच बाजूला जमा होणार नव्हती. बाई झोपी जाऊ नयेत म्हणून अंधारात इंटर्न जवळ बसून दर दोन मिनिटांनी त्यांच्या हाताला हलका स्पर्श करत असे. कप कोणत्या बैठकीचा आहे हे वजन करणाऱ्या तंत्रज्ञाला सांगितले नव्हते.

उजेडात १.६ आणि १.५ ग्रॅम, अंधारात १.० आणि ०.९ ग्रॅम. दर काढला तर उजेडात सरासरी ०.१५५ आणि अंधारात ०.०९५ मिलिलिटर. घट ३९ टक्के. उजेडातले दोन्ही आकडे ०.१ या रेषेच्या वर होते आणि अंधारातला एक रेषेवर, एक रेषेखाली. म्हणजे तीच बाई, तीच खुर्ची आणि तीच वेळ असताना भिंतीवरच्या एका बटणाने निकषाचा एक गुण मिळत होता किंवा जात होता.

चौथ्या बैठकीनंतर पॅराफिनचा तुकडा पाच मिनिटे चावायला देऊन उत्तेजित लाळही मोजली. ती ४.५ ग्रॅम भरली, म्हणजे मिनिटाला ०.९ मिलिलिटर, ०.७ च्या खाली आल्यास ती कमी मानली जाते. ग्रंथींना जोराची हाक दिली तर त्या ओ देत होत्या. रोग ग्रंथीच पोखरत असेल तर पुढे चावूनही लाळ वाढत नाही. इथे ग्रंथी शाबूत होत्या आणि त्यांच्यापर्यंत पोचणारा रोजचा हलका संदेश अडत होता. हे चित्र अमिट्रिप्टिलिनशी जुळणारे होते.

आवाजासाठी पाचवी बैठक घ्यायची की नाही यावर मी अडखळले, पण बाईंनीच आग्रह धरला. उजेडात, कंप्रेसर चालू, शेजारच्या कक्षात एअरोटर फिरता. लाळ १.२ ग्रॅम भरली. एकाच वेळच्या मोजमापावरून मी आवाजाविषयी काही ठामपणे म्हणणार नाही. बाई त्यानंतर जे बोलल्या ते मात्र नोंदले : “कंप्रेसरचं काही वाटलं नाही, आमच्या पिठाच्या गिरणीसारखाच तो. तो बारीक आवाज आला की पाय आखडतात.” दोन्ही आवाज एकाच खोलीत ऐकू येत होते. त्या कोणत्या आवाजाला भीत होत्या हे आवाजाच्या मोठेपणावरून ठरत नव्हते.

परिणाम

सर्व आकडे, औषधाचे नाव आणि सुरू झाल्याची तारीख लिहून मेंदूविकारतज्ज्ञांना पत्र पाठवले. बाईंना दमा नाही याची खात्री करून त्यांनी अमिट्रिप्टिलिन टप्प्याटप्प्याने कमी करत थांबवले आणि त्याऐवजी अर्धशिशी टाळणारेच, पण दमा असलेल्यांना न चालणारे प्रोप्रॅनोलॉल सुरू केले. संधिवाततज्ज्ञांचा सल्लाही घेतला. बायोप्सी सहा महिने पुढे ढकलावी आणि दरम्यान कोरड वाढली, डोळे चुरचुरू लागले किंवा गालाशी गाठ आली तर लगेच यावे, असे त्यांच्याशी बोलून ठरले. तिन्ही किडके दात भरले, फ्लोराइडचा लेप दिला, लिमलेट बंद करून बिनसाखरेचे च्युइंगगम सुरू केले.

बदलाचा काळ सोपा नव्हता. पहिल्या तीन आठवड्यांत बाईंना अर्धशिशीचे दोन मोठे झटके आले आणि त्यांनी फोनवर विचारले, “तोंड ओलं हवं की डोकं शांत हवं, यातलं एकच मिळणार का?” त्या क्षणी आमचा निर्णय बरोबर होता असे मला छातीठोकपणे म्हणता आले नसते. नवे औषध स्थिरावल्यावर झटके पुन्हा विरळ झाले.

दहा आठवड्यांनी उजेडात, शांततेत, त्याच वेळी मोजलेली स्थिर लाळ १० मिनिटांत २.७ ग्रॅम भरली. सहा महिन्यांनी ती तशीच होती, जीभ चुरचुरणे थांबले होते आणि बायोप्सीचा विषय संधिवाततज्ज्ञांनीच मिटवला. बाटली अजून टेबलावर असते, पण ती आता सवयीने असते, असे बाई म्हणाल्या.

वेगळे काय करता आले असते

अंधाराचा शोध लागला याचे विभागात कौतुक झाले, पण माझ्या मते क्रम उलटा हवा होता. गोळीचे नाव पहिल्याच दिवशी मिळायला हवे होते. ‘नाव माहीत नाही’ असे लिहून रकाना भरला की तो भरला गेल्याचे समाधान मिळते आणि पुढचा प्रत्येक जण त्यावरून नजर फिरवून जातो. कोरड्या तोंडाचे औषधे हे सर्वात नेहमीचे कारण आहे, तेव्हा पाकीट आणल्याशिवाय लाळ मोजायचीच नाही, असा नियम असता तर बाईंचे तीन आठवडे आणि बरीच भीती वाचली असती. उत्तेजित लाळही पहिल्या दिवशीच मोजायला हवी होती. पाच मिनिटांचे ते काम आम्ही केले नाही, कारण पहिला आकडा इतका कमी होता की प्रश्न सुटल्यासारखे वाटले.

आणखी एक गोष्ट इथे सांभाळून मांडावी लागेल. आकडा चुकला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. उजेडात मोजलेला ०.१५५ हा दरही सरासरीच्या साधारण निम्माच होता, आणि माणसाला कोरड जाणवते ती लाळ त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या दराच्या साधारण निम्म्यावर आली की. ज्याची लाळ मुळात भरपूर आहे त्याला ०.२ वरही कोरड वाटेल आणि जन्मापासून कमी लाळ असलेल्याला ०.१२ वरही काही जाणवणार नाही. रेषेच्या वर आलात म्हणून घरी जा, असे बाईंना सांगितले असते तर ती पहिल्या चुकीइतकीच मोठी चूक झाली असती.

डोके दुखत असताना मोजूच नये, हा सोपा नियम आम्ही केला. तो पाळणे सोपे नाही, कारण गावाहून दोन एसटी बदलून आलेल्या रुग्णाला परत पाठवणे जिवावर येते. म्हणून मोजमापाच्या छापील कागदावर चार नवे रकाने घातले : दिवे चालू की बंद, डोळे उघडे की मिटलेले, आसपास कोणता आवाज होता, आणि त्या आवाजाने रुग्णाला काय वाटले. शेवटचा रकाना सहकाऱ्यांना अनावश्यक वाटला होता. तो बाईंच्या पाचव्या बैठकीमुळे राहिला.

त्याच वर्षी डिसेंबरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन चार दिवस झालेले एक आजोबा कोरड्या तोंडाची तक्रार घेऊन आले. डोळ्यांवर काळा चष्मा होता. तीच इंटर्न कामावर होती. तिने चष्मा काढायला सांगितला नाही आणि लाळही मोजली नाही. औषधांची पाकिटे मागून घेतली, नावे लिहिली, कागदाच्या पहिल्या नव्या रकान्यात ‘काळा चष्मा’ अशी नोंद केली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा उतरवायला सांगितल्यानंतरची तारीख दिली.